पांढरीच्या बाईचा हात

"हल्लीच्या आल्यात राम राहिला नाही," कुमुदताई कपात बघत पुटपुटल्या. "नुसतं गरम पाणी पितेय असं वाटतं."

हे कुणाला उद्देशून नव्हतं. पण छबीयंत्राच्या खोलीत दोन खुर्च्या मावतील एवढीच जागा होती आणि दुसऱ्या खुर्चीत हर्षदा लोंढे बसली होती. चहा तिनंच केला होता. आलंही तिनंच ठेचून घातलं होतं, चांगलं अंगठ्याएवढं.  डॉ. कुमुद रणसुभे यांच्या हाताखाली संशोधन करायला आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यातच कळतं, की तक्रार ऐकून घ्यायची असते, तिला उत्तर द्यायचं नसतं.

समोरच्या काळ्या चौथऱ्यावर, हवेत, एक मडकं तरंगत होतं. म्हणजे मडक्याची त्रिमित छबी. खरं मडकं कधीच सारोळखेडच्या पांढरीत परत गेलं होतं. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचं, चुलींच्या राखेनं पांढुरकं झालेलं टेकाड. देशभरातली कोठारं खापरांनी फुटायला आली, तेव्हा कायदाच तसा झाला. उत्खननाच्या जागेवरच केसाहून बारीक तपशिलाची छबी घ्यायची आणि मूळ वस्तू जिथून निघाली तिथेच मातीला परत द्यायची. सरकारी भाषेत याला पुनर्निक्षेप म्हणत. कुमुदताई त्याला श्राद्ध म्हणत.

दारावर टकटक झाली आणि डॉ. इकबाल मुजावर वाकून आत आले. ते मेंदू आणि मज्जारोगांचे डॉक्टर. त्यांना कुमुदताईंनीच बोलावून घेतलं होतं. हर्षदानं उठून त्यांना खुर्ची दिली आणि किटलीतला उरलेला चहा ओतला.

"वा! आलं काय झकास लागतंय," डॉक्टर पहिल्या घोटालाच म्हणाले. "घसा सोलून निघाला."

"इस्पितळातला चहा पिणारी माणसं तुम्ही. तुम्हाला काहीही झकास," कुमुदताई म्हणाल्या. "आता कप ठेवा आणि इकडे बघा. हे मडकं चाकावरचं नाही, हे आधी ध्यानात घ्या. मातीची लांब वळी करायची, वेटोळं घालत एकावर एक चढवायची आणि आतून बोटानं दाबत जोड मिटवायचा. बाहेरची बाजू सगळेच घोटून गुळगुळीत करतात, ती पाहुण्यांना दिसते. आत कोण डोकावतंय? म्हणून आत बोटं तशीच राहतात. हर्षदा, उलटं कर गं जरा."

हर्षदानं पायमोजा उलटावा तशी छबी उलटी केली. आतली भिंत बाहेर आली. तिच्यावर बोटांच्या खळग्यांच्या ओळीच ओळी होत्या.

"एकेक खळगा म्हणजे एकेक दाब. त्याची खोली, कल, कातडीच्या रेषा, शेजारच्या खळग्यापासूनचं अंतर. यंत्र त्यावरून उलटा विचार करतं. असा खळगा पडायचा तर बोट केवढं हवं, सांधा कसा वाकायला हवा, जोर कुठून यायला हवा? असे शेकडो खळगे जुळले की आख्खा हात उभा राहतो. याला आम्ही स्पर्शवाचन म्हणतो. मातीला सगळं आठवतं. फक्त तिला विचारावं लागतं."

"आणि यंत्राला हे शिकवलं कुणी?"

"मी!" कुमुदताईंची मान ताठ झाली. "त्याच नदीची माती, तीच वळी, तसंच खड्ड्यातलं भाजणं. वर्षानुवर्षं मडकी घडवली मी. त्यांचं मडकं आणि माझं मडकं शेजारी ठेवा. कुठलं कुणाचं ते ओळखलंत, तर खापर खाऊन दाखवीन."

"खापर राहू द्या. मला कशाला बोलावलंत?"

"ही ओळ बघा. इथे वेढा सुरू होतोय. बोटं कशी ऐसपैस पडलीत. आणि जसजसा वेढा पुरा होत येतो तसतशी बोटं जवळजवळ यायला लागतात. शेवटी तर एकमेकांवर चढलीत. पुढच्या वेढ्याला पुन्हा मोकळी सुरुवात आणि पुन्हा तेच. या खोदाईतली तीन मडकी अशी आहेत, आणि तिन्ही एकाच हाताची. आम्ही याला दाटण म्हणायला लागलोय. आधी वाटलं यंत्र बिघडलं. मग वाटलं, यंत्र बरोबर आहे आणि हात बिघडलाय."

डॉक्टर खुर्चीतून उठले. छबीच्या इतके जवळ गेले की त्यांचं नाक मडक्याच्या भिंतीतून आरपार गेलं.

"माझे पेशंट असंच लिहितात," ते हळूच म्हणाले. "ओळ सुरू होते तेव्हा अक्षर मोठं, संपताना मुंगीएवढं. कंपवात."

"पण हात थरथरलेला नाही कुठे."

"नावानंच घोटाळा करून ठेवलाय. कंप सगळ्यांना येतोच असं नाही. आला तरी बहुतेकदा हात मोकळा पडलेला असताना. काम करताना दिसतं ते हे आखडणं. मेंदू हाताला जेवढा हुकूम देतो, त्याहून हालचाल थोडी कमी होते. पुढची आणखी थोडी कमी. माणसाला वाटतं आपण नेहमीसारखंच करतोय."

"तिला कळलंच नसेल?"

"सुरुवातीला नाही कळत. सांधा धरला असेल, झोप नीट झाली नसेल, वय झालं असेल, असं काहीतरी माणूस धरून चालतो. वास तर त्याच्याही आधी जातो. कित्येक वर्षं आधी."

"अगं बाई! म्हणजे चुलीवर काही करपलं तरी हिला पत्ता नाही. घरातल्यांनी किती बोललं असेल बिचारीला." कुमुदताई त्या मडक्याकडे शेजारणीकडे बघावं तशा बघत होत्या. "किती दिवस होते तिच्या हातात?"

डॉक्टरांनी तिन्ही छब्या एकीपुढे एक लावायला सांगितल्या. दाटण पहिलीत कमी होती, तिसरीत जास्त. "ज्या चालीनं हे वाढलंय, त्यावरून या शेवटच्या मडक्यानंतर दोन-तीन वर्षं. मग वळी धरणं कठीण. आज असती तर गोळ्या दिल्या असत्या. रोग जात नाही त्यानं, पण हात मोकळा होतो. चांगली दहा वर्षं काढतात लोक. जितकं लवकर सुरू कराल तितकं बरं. ताई, तुम्ही स्वतः दाब कसा देता? दाखवा बघू."

कुमुदताईंनी उजवा हात उचलला, हवेतल्या हवेत चार-सहा वेळा बोट दाबल्यासारखं केलं आणि खाली सोडला. "खांदा धरलाय मेला. शेक चालू आहे. हल्ली मी घडवत नाही, नुसती ओरडते."

डॉक्टर त्या खाली सोडलेल्या हाताकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग त्यांनी कप उचलला आणि रिकामा आहे हे कळूनही तोंडाला लावला.

*

जगातलं सर्वांत जुनं निदान, अशी बातमी झाली. वर्तमानपत्रांनी तिला 'पांढरीची बाई' म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. संस्थेचे संचालक डॉ. शशांक धायगुडे किती तरी वर्षं एक स्पर्शदालन मागत होते. लोकांनी यावं आणि जुन्या माणसांचे हात हवेत काम करताना बघावेत, अशी त्यांची कल्पना. ते एका महिन्यात मंजूर झालं. दालनाच्या मधोमध पांढरीच्या बाईचा हात मांडायचा ठरला.

मडकं खरंच तीन हजार वर्षांचं आहे का, असं कुणी विचारलं नाही. विचारून उपयोगही नव्हता. छबीचं वय काढता येत नाही. मडकं ज्या थरात सापडलं, तोच त्याचा काळ.

कुमुदताई त्या बाईच्या प्रेमात पडल्या. सकाळी आल्या आल्या छबी लावत आणि तब्येत विचारल्यासारखं बोलत. "आज बाई वैतागलेली दिसतेय. वळी बघ कशी आपटलीय." जेवणाच्या सुट्टीत हर्षदा त्यांच्या डब्याचं झाकण काढून द्यायची. कधीपासून, ते दोघींनाही सांगता आलं नसतं. खांद्यामुळे झाकण निघत नाही, एवढंच ठरलेलं होतं.

एका सकाळी त्यांची हाक बाहेर जिन्यापर्यंत ऐकू आली. "हर्षदा! अगं ये लवकर! बाईला मदतनीस होती!"

तिसऱ्या मडक्याचा गळा आणि काठ दुसऱ्याच हाताचा होता. बोटं तरुण, चपळ, सारख्या अंतरावर पडलेली.

"मुलगी असेल," कुमुदताईंचे डोळे भरून आले होते. "किंवा सून. नाही, सून नको. सुनेनं सासूची चूक इतक्या निगुतीनं झाकली नसती. बघ ना, बाईचा हात जिथे दाटायला लागला बरोब्बर तिथून हिनं काम उचललंय. आणि बाहेरून जोड असा मिटवलाय की कुणाला कळू नये. थांब, हात उभा राहतोय."

हवेत एका तरुण बाईचा उजवा हात आकाराला आला. मनगट, तळवा, मग बोटं. सगळ्यात शेवटी अंगठा. अंगठ्याच्या पेरावर एक तिरका व्रण होता. त्याच्या दोन बाजूंच्या रेषा एकमेकींशी जुळत नव्हत्या.

"जखम झाली होती पोरीला," कुमुदताई मायेनं म्हणाल्या. "काहीतरी कापताना लागलं असेल."

हर्षदानं आपला उजवा अंगठा मुठीत मिटून घेतला.

माती कापायच्या तारेनं तो कापला होता, ती संस्थेत नवी आली त्या वर्षी. त्याच वर्षी कुमुदताईंनी शेवटची मडकी घडवली. खांदा नुकता दुखायला लागला होता. हात थकले की त्या म्हणत, "काठ तेवढे तू कर." माती मडक्याचं काय करते, मुळं काय करतात, हे बघायला ती मडकी सारोळखेडच्या उतारावर मुरायला पुरून ठेवली होती. पुढच्या पावसाळ्यात नाल्याला पूर आला, खुणेचे खुंट वाहून गेले. कुमुदताई दोन दिवस सुतकात असल्यासारख्या वावरल्या. मडकीही वाहून गेली असंच सगळ्यांनी धरलं. ती गेली नव्हती. त्यांच्यावर गाळाचा आणि ढासळलेल्या पांढरीचा थर चढला होता. यंदा तिथे खोदणाऱ्या बाहेरच्या तुकडीला ती जुन्या थरात सापडली, त्यांनी नियमाप्रमाणे छब्या घेतल्या आणि नियमाप्रमाणे मडकी परत पुरली.

आपलं मडकं जुन्यात मिसळू नये म्हणून कुमुदताई प्रत्येकाच्या बुडाला, माती ओली असतानाच, नखाची कोर उमटवत. हर्षदानं त्या घरी गेल्यावर तुकडीनं पाठवलेल्या कच्च्या छब्या उघडल्या. तिन्ही बुडांवर कोर होती. संस्थेच्या छबीकोशात दाखल होताना प्रत्येक छबीचं मार्जन होतं. उकरताना पडलेले ओरखडे, मुळांचे वळ, जे जे नंतरचं वाटेल ते यंत्र पुसून टाकतं. नखाची खूण त्यानं ओरखडा समजून पुसली होती. मेलेल्या माणसाचा हात जिवंत माणसाच्या हाताशी जुळवून बघावा असं कुणाला सुचलं नव्हतं. हर्षदानं आता तेही केलं. कुमुदताईंच्या खूप जुन्या, निरोगी काळातल्या मडक्यावरून हात उभा केला आणि पांढरीच्या बाईच्या हातावर ठेवला. हाडं हाडांवर बसली.

यंत्रानं अगदी अचूक वाचलं होतं. चूक फक्त काळाची होती. आणि काळाची चूक धरली तर डॉक्टरांनी दिलेली दोन-तीन वर्षं त्या मडक्यांच्या पुरण्यापासून मोजायची होती. म्हणजे ती संपत आली होती.

दुसऱ्या दिवशी हर्षदानं चहात आलं घातलंच नाही.

कुमुदताईंनी घोट घेतला. "आज जरा बरा झालाय," त्या म्हणाल्या.

*

"कुणाकुणाला माहीत आहे?" दार लावून घेत धायगुडे सरांनी पहिला प्रश्न हा विचारला.

"मला. आणि आता तुम्हाला."

"अंगठ्याला काय, शंभर जणांच्या लागतं."

"बुडाला नखाची कोर आहे, सर. हाडं जुळतायत. आणि त्यांना वास येत नाही."

"हे कसं कळलं तुला?"

हर्षदानं चहाचं नाव काढलं नाही. काही प्रयोग सांगण्यासारखे नसतात.

सरांनी डॉ. मुजावरांना बोलावून घेतलं. डॉक्टरांनी दोन्ही हात एकमेकांवर ठेवलेले पाहिले. त्यांना धक्का बसलेला दिसला नाही, आणि हर्षदाच्या ते लक्षात आलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"शंका होती. मडक्यावरून नाही, चालण्यावरून. चालताना त्यांचा उजवा हात हलत नाही. धरलेला खांदा हीसुद्धा याची सुरुवात असू शकते. पुष्कळांची तशीच होते."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू, बेटा? चहाला बोलावलेल्या माणसानं यजमानीणबाईंना रोग सांगायचा? त्या माझ्याकडे पेशंट म्हणून आलेल्या नाहीत. तपासल्याशिवाय खात्री देता येत नाही आणि विचारल्याशिवाय तपासता येत नाही. न विचारलेलं निदान मी कुणालाच सांगत नाही. विचारलं असतं तर त्याच दिवशी सांगितलं असतं."

"त्या खांद्याला शेक देण्यात दिवस घालवतायत, डॉक्टर. तुम्हीच म्हणालात, जितकं लवकर तितकं बरं."

"म्हणालो," डॉक्टर म्हणाले आणि टेबलावरचा कागददाब सरळ केला. तो सरळच होता.

"सांगायचं तर आहेच," धायगुडे सरांनी दोघांवरून शांतपणे नजर फिरवली. "न सांगण्याचा प्रश्नच येत नाही. प्रश्न फक्त कधी एवढाच आहे. आत्ता सांगितलं तर तिच्या हातून दोन गोष्टी एकदम जातील. हात जाईल आणि ती बाई जाईल. निदान बाई तरी राहू दे तिच्याजवळ थोडे दिवस. उद्घाटन होऊ दे."

हे वाक्य इतकं माणुसकीचं होतं, की ते कशासाठी उच्चारलं गेलं याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये. हर्षदाचं गेलं. पण तिचा प्रबंध त्याच हातावर उभा होता. हे सरांनी बोलून दाखवलं नाही. त्यांना तशी गरजच पडली नाही.

"उद्घाटनाला ती लोकांसमोर मडकं घडवणार म्हणतेय," सर म्हणाले. "ते मात्र होता कामा नये. मागे हवेत तो हात आणि पुढे हिचा. कुणाच्या तरी लक्षात येईल. हर्षदा, ते तू कर. तिला खांद्याचं निमित्त सांगू."

"मी कसं—"

"अगं, काठ तूच करत होतीस ना?"

*

कुमुदताईंनी ऐकून घेतलं आणि हसल्या. "म्हातारी ठरवलीत का मला?"

"तसं नाही, मॅडम. खांदा आहे ना तुमचा."

"खांदा माझा आहे, हे मलाही माहीत आहे. बरं, कर तू. मी भाषण करते. तोंडाला काही झालेलं नाही अजून. ऐक, काय लिहिलंय ते."

डबा उघडा होता, भाजी निवत होती. कुमुदताई वाचत होत्या आणि मधूनच मान वर करून हर्षदाकडे बघत होत्या. चांगलं काही लिहिलं की पहिलं तिला वाचून दाखवायचं, हा त्यांचा रिवाज.

"'तिच्या माणसांना कळलं होतं. नाहीतर दुसरा हात बरोब्बर त्याच जागी आला नसता. त्यांनी तिला काही सांगितलं नाही. त्यांनी फक्त तिच्या हातातून माती काढून घ्यायला सुरुवात केली. आधी काठ, मग गळा, मग सगळंच. दर वेळी काहीतरी साधंसं निमित्त काढलं असेल. तू दमलीस. ऊन फार आहे. पोरीला शिकू दे.'"

हर्षदाचा घास तोंडात फिरत राहिला. "प्रेमानंही केलं असेल, मॅडम," ती कशीबशी म्हणाली. "दुखवायचं नसेल तिला."

"प्रेमानंच केलं असेल. मी कुठे नाही म्हणते? पण प्रेमानं कापलं की रक्त दिसत नाही, एवढाच फरक." कुमुदताईंनी पोळीचा तुकडा मोडायला घेतला. तो मोडेना. हर्षदानं हात पुढे करून मोडून दिला. त्यांनी खाल्लाही. "तिला स्पष्ट सांगितलं असतं, तर ती रडली असती, ओरडली असती, दोन दिवस कुणाशी बोलली नसती. पण तिसऱ्या दिवशी ठरवलं असतं, उरलेल्या हातात काय घडवायचं. ते ठरवायचा हक्क काढून घेतला तिचा. मला त्या मदतनीस पोरीचा सगळ्यात जास्त राग येतो बघ."

"का?"

"ती रोज तिच्याशेजारी बसत होती."

हर्षदानं डब्याचं झाकण लावलं. पुन्हा उघडलं, कारण जेवण संपलं नव्हतं. बोलायला तोंड उघडलं आणि त्यातून निघालं ते असं: "लोणचं घ्या ना, मॅडम."

*

उद्घाटनाला दालन भरून गेलं. मंत्री आले, बोलले आणि पहिल्या रांगेत बसले. दिवे मंद झाले आणि मधोमध, माणसाच्या उंचीवर, पांढरीच्या बाईचा हात उजळला. मधल्या बोटाचं वाकडं पेर, मनगटाशी उठून दिसणारं हाड. हात वळीवर चालायला लागला. मोकळा, मोकळा, मग जवळ, आणखी जवळ, मग एका जागी घुटमळणारा. लोकांचा श्वास ऐकू येत होता. खाली, उजेडाच्या कडेला, हर्षदा खरी माती घेऊन बसली होती आणि खाली मान घालून सारख्या अंतरावर बोटं दाबत होती.

कुमुदताई मंचावर उभ्या राहून बोलल्या. चांगलं बोलल्या. आवाज थोडा बारीक झाला होता, ध्वनिक्षेपकवाल्यानं तो वाढवून घेतला. दोनदा लोक हसले. "तिच्या हातातून माती काढून घेतली" म्हणाल्या, तेव्हा मंत्र्यांच्या पत्नीनं पदर डोळ्यांना लावला. मग त्यांनी कागद घडी करून ठेवला. घडी नीट पडली नाही.

"आता भाषण पुरे," त्या म्हणाल्या. "डॉक्टर मुजावर इथे बसलेत. या बाईचा रोग त्यांनी ओळखला. तीन हजार वर्षांत तिला कुणी काही सांगितलं नाही. मला त्यांना एकच विचारायचंय. डॉक्टर, ही बाई आज तुमच्यासमोर आली, तर तुम्ही तिला काय सांगाल?"

ध्वनिक्षेपक डॉक्टरांच्या हातात दिला गेला. ते उठून उभे राहिले.

"तपासावं लागेल," ते म्हणाले.

"तपासलंत. महिनाभर तपासलंत. तिचं बोटन् बोट मोजलंत." लोक हसले. "आता सांगा."

धायगुडे सर अर्धवट उठले. "कुमुद, मंत्रिमहोदयांना पुढे जायचंय. आपण फीत—"

"एक मिनिट, शशांक. बाई तीन हजार वर्षं थांबलीय, मंत्री एक मिनिट थांबतील." पुन्हा हशा पिकला, मंत्रीही हसले आणि हातानं खूण केली, की चालू द्या. "डॉक्टर, तुम्ही लोक फार आडून बोलता. तिला साध्या शब्दांत सांगा. जसं तुमच्या बहिणीला सांगाल तसं."

"मी आधी तिला बसायला सांगेन," डॉक्टर म्हणाले.

"ठीक आहे." कुमुदताईंनी मंचावरची खुर्ची ओढली. एका झटक्यात ओढली गेली नाही, दोनदा ओढावी लागली. मग त्या बसल्या, पदर सावरला, हात मांडीवर ठेवले आणि समजूतदार पेशंटसारखा चेहरा करून प्रेक्षकांकडे पाहिलं. दालनात टाळ्या पडल्या. त्यांच्या मागे हवेत तो हात वेढा पुरा करत होता, आणि पुढे त्यांचा उजवा हात मांडीवर पडला होता. मोकळा पडलेला, म्हणून त्याचा अंगठा बोटावर बारीक घासला जात होता, विडीची तंबाखू चुरावी तसा. पुढच्या रांगेतले काही जण वर बघत होते, खाली बघत होते आणि पुन्हा वर.

हर्षदाचे हात मातीत थांबले होते. कुमुदताईंनी तिच्याकडे बघून डोळा मिचकावला. बघ, कशी बोलतं करते यांना.

"बसले," त्या म्हणाल्या. "विचारतेय मी तुम्हाला, डॉक्टर. समजा, मीच ती बाई. मला काय झालंय?"

डॉक्टरांनी धायगुडे सरांकडे पाहिलं नाही. त्यांनी ध्वनिक्षेपक खाली घेतला, पण दालन इतकं शांत झालं होतं, की ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"समजा कशाला, कुमुदताई," ते म्हणाले. "ती तुम्हीच आहात."